पडद्यावरचे दात आणि तोंडातले दात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलायनरच्या जाहिरातींत ‘न दिसणारे’, ‘न दुखणारे’ आणि ‘काही महिन्यांतच’ हे तीन शब्द हमखास असतात. पहिला बऱ्याच अंशी खरा, दुसरा थोडाफार खरा, आणि तिसरा कोणाच्या तोंडाबद्दल बोलतो आहे त्यावर अवलंबून. उपचारपद्धती चांगली आहे, तिच्याविरुद्ध तक्रार नाही. पण पैसे भरण्याआधी प्रौढ माणसाने जे विचारायला हवे, ते जाहिरातीत सापडत नाही.

अलायनर म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकचा, दातांवर बसणारा साचा. दात आज जिथे आहेत त्यापेक्षा तो किंचित वेगळा घडवलेला असतो, आणि असे साचे (ट्रे) एकामागून एक घालायचे असतात. हा फरक एका दातामागे बहुधा ०.२५ मिमीपर्यंत ठेवतात. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्याची जाडीही जवळपास तेवढीच. दाब पडतो त्या बाजूचे हाड झिजते, ताण पडतो त्या बाजूला नवे भरते. या कामाला दिवस लागतात आणि दाब जवळजवळ अखंड लागतो. दिवसाचे २० ते २२ तास अलायनर घालायला सांगतात ते यासाठी. जेवणे आणि दात घासणे एवढ्यापुरतेच ते काढायचे. ‘हवे तेव्हा काढता येतात’ हा ज्याचा गुण म्हणून गवगवा होतो, तोच या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. रोज चौदा-पंधरा तासच घातले तर दात थोडा सरकतो, पुन्हा मागे येतो, सैल होतो, आणि पुढचा ट्रे नीट बसत नाही.

बसत नाही हे ओळखायचे कसे? आरशात दाताची कड आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसते. ट्रे बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस अशी पोकळी आणि ठणका असणे साहजिक आहे. च्युई, म्हणजे चावायची छोटी रबरी नळी, रोज काही मिनिटे त्या दातावर चावली की ट्रे खाली बसतो. मुदत संपत आली तरी पोकळी तशीच असेल, तर पुढचा ट्रे चढवू नये. आहे तोच आणखी काही दिवस वापरावा आणि डॉक्टरांना दाखवावा. तारखेप्रमाणे ट्रे बदलत राहिले तर चूक प्रत्येक ट्रेमागे साचत जाते आणि शेवटी स्कॅनपासून सुरुवात करावी लागते. ट्रे बदलण्याचा काळ ७ ते १४ दिवसांचा असतो. तो किती ठेवायचा ते उपचार करणाऱ्याने ठरवावे, रुग्णाच्या उत्साहाने नव्हे.

दोन गोष्टी जाहिरातीतल्या फोटोंत कधी दिसत नाहीत. एक, अटॅचमेंट. गुळगुळीत प्लॅस्टिकला गोलसर दाताची पकड मिळत नाही. त्यामुळे सुळे आणि उपदाढा फिरवायच्या असल्या की त्यांच्यावर दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटचे (दात भरायच्या मसाल्याचे) छोटे उंचवटे चिकटवतात. ट्रे काढल्यावर ते जिभेला आणि ओठाला टोचतात, जवळून दिसतातही. सिरॅमिकच्या कॅपवर ते चिकटवणे अवघड असते, म्हणून समोरच्या दातांना कॅप असतील तर आधीच सांगावे. उपचार संपला की हे उंचवटे घासून काढतात.

दुसरी, दातांच्या कडा घासणे. गर्दी असलेल्या दातांना जागा करण्यासाठी दोन दातांच्या मधून बारीक पट्टी किंवा चकती फिरवून ०.२ ते ०.५ मिमी एनॅमल काढतात, म्हणजे प्रत्येक दाताच्या वाट्याला त्याच्या निम्मे. मोजून केले तर त्यात धोका नाही. मात्र काढलेले एनॅमल पुन्हा येत नाही. कोणत्या दातांमध्ये, किती आणि कितव्या ट्रेला घासायचे, हे आराखड्यात लिहिलेले असते. तो तक्ता मागून घ्यावा. ठरल्या वेळी घासले नाही तर दात एकमेकांना अडतात आणि दोष मात्र रुग्णाच्या तासांवर येतो.

आता दात कसे सरळ होतील ते उपचाराआधी पडद्यावर दाखवतात, त्या हलत्या चित्राबद्दल. ते म्हणजे संगणकाने मांडलेली योजना. एका नामांकित प्रणालीवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरवलेल्या हालचालीच्या सरासरी ४१ टक्केच हालचाल प्रत्यक्षात झाली होती. २०२० च्या अभ्यासात हे प्रमाण ५० टक्के आले. याचा अर्थ निम्मे रुग्ण फसतात असा नाही. पहिल्या संचानंतर पुन्हा स्कॅन करून आणखी ट्रे बनवावे लागतात, एवढाच अर्थ. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि तो अपवाद नसून नेहमीचाच भाग आहे. ठरलेल्या शुल्कात अशा किती फेऱ्या येतात आणि किती मुदतीपर्यंत, हे लेखी घ्यावे. दात हिरडीतून बाहेर ओढणे, गोल दात फिरवणे आणि मुळासकट सरकवणे ही कामे अलायनरला जड जातात. तिथे काही महिने तारा लावायला सुचवणारा डॉक्टर बहुधा प्रामाणिक असतो.

प्रौढांचे प्रश्न मुलांपेक्षा वेगळे असतात. जबड्याची वाढ संपलेली असते, त्यामुळे जबडाच पुढे-मागे असेल तर प्लॅस्टिकने तो सुधारत नाही. इम्प्लांट (हाडात बसवलेले कृत्रिम मूळ) हाडाला जखडलेले असते आणि सरकत नाही; ब्रिजचे, म्हणजे एकमेकांना जोडून बसवलेले, दात एकेकटे हलत नाहीत. हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी तो आजार आटोक्यात आणायचा, कारण सूज असताना दात सरकवले तर हाड झपाट्याने झिजते. वेडेवाकडे दात सरळ झाल्यावर दोन दातांमध्ये हिरडीजवळ मोकळ्या जागेचे काळे त्रिकोण दिसू लागतात, तेही डॉक्टरांनी आधी सांगायला हवे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटसारखी औषधे चालू असतील तर ती लपवू नयेत. हे सगळे एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी यांशिवाय कळत नाही. म्हणून घरबसल्या माप पाठवून टपालाने ट्रे मागवण्याचा प्रकार टाळावा. या पद्धतीतली मोठी अमेरिकी कंपनी स्माइल डायरेक्ट क्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्या वाटेवरच्या ग्राहकांना नवा डॉक्टर स्वतःच शोधावा लागला.

वापराबद्दल थोडे. ट्रे काढताना दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढांपासून, आतल्या बाजूने सोडवावा; पुढून ओढला की तडकतो. धुवायला थंड पाणी वापरावे, गरम पाण्यात आकार बिघडतो. ट्रे घालून साध्या पाण्याखेरीज काही पिऊ नये. गोड पेय आत अडकून राहते, लाळ तिथे पोहोचत नाही आणि दात किडतो. काढलेला ट्रे डबीतच ठेवावा. कागदी रुमालात गुंडाळलेले ट्रे कचऱ्यात जातात हे कोणत्याही दवाखान्यात विचारा. आधीचा ट्रे टाकू नये. चालू ट्रे हरवला तर डॉक्टरांना विचारेपर्यंत तो आधीचाच दात धरून ठेवतो.

उपचाराच्या शेवटी कधीकधी दाढा एकमेकींना टेकत नाहीत. दिवसरात्र मधे प्लॅस्टिकची जाडी असल्याने त्या किंचित आत दबलेल्या असतात. बहुतेकदा काही महिन्यांत त्या आपोआप बसतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

मग रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा. हिरडीतले तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभरही लागू शकते, तोवर ते दाताला जुन्या जागेकडे खेचत राहतात. आधी काही महिने पूर्णवेळ, नंतर रोज रात्री, आणि दात सरळ राहायला हवेत तोवर. आतून चिकटवलेली तार हा दुसरा पर्याय. तिचा एका दातावरचा सांधा सुटला तर बाकीचे दात जागेवर आणि तो एकटाच सरकतो, त्यामुळे ती अधूनमधून तपासून घ्यावी. प्लॅस्टिकचे रिटेनर झिजते, तडकते. म्हणून उपचार संपताना शेवटच्या स्कॅनची फाइल मागून घ्यावी. तिच्यावरून नवे रिटेनर लगेच घडवता येते. दोन-तीन आठवडे उशीर करून नवे माप दिले, तर सरकलेल्या दातांचेच रिटेनर हाती पडते.

आपला,
एक ऑर्थोडॉन्टिस्ट वाचक