जीनोम वाचून झाला ना, मग आता काय वाचतेस?

केंब्रिज

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, “अगं, माणसाचा जीनोम २००३ सालीच वाचून झाला ना? मग तू तिथे रोज काय वाचतेस?” मागून आईचं चालूच होतं, की पेपरात जाहिरात आलीय, नळीत थुंकून पाठवलं की पुढचे सगळे रोग आधीच कळतात, मागवू का? फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं उत्तर मधेच राहतं. म्हणून लिहिते.

बाबा, जीनोम म्हणजे पेशीतल्या डीएनएत चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला आपला सगळा मजकूर. तो “वाचून झाला” असं जगाला तीनदा सांगण्यात आलंय. पहिल्यांदा २६ जून २००० रोजी, व्हाइट हाउसमध्ये. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्याबरोबर सरकारी प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स आणि त्यांच्याशी शर्यत लावणाऱ्या खासगी कंपनीचे क्रेग व्हेंटर उभे होते, आणि हातात होता तो नुसता कच्चा खर्डा. दुसऱ्यांदा एप्रिल २००३मध्ये. तुमच्या लक्षात आहे ती हीच बातमी. तिसऱ्यांदा थेट २०२२ साली, कारण मधली सगळी वर्षं सुमारे आठ टक्के मजकूर कोराच होता.

कोरा का? तर जीनोम सलग वाचता येत नाही. समजा, एका पोथीच्या शंभर प्रती फाडून त्यांचे बारीक कपटे केले आणि कपट्यांच्या कडा जुळवत पोथी परत उभी करायला सांगितली. ओव्या जुळतील, पण तेच तेच पालुपद हजार वेळा आलं असेल, तर कुठला कपटा कुठे लावणार? आपल्या गुणसूत्रांच्या मध्यभागी आणि टोकांशी अशी पालुपदंच आहेत.

कपट्यांची लांबी यंत्रावर ठरते. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली वाचलेला विषाणू जेमतेम ५,४०० अक्षरांचा होता. माणूस ३०० कोटी अक्षरांचा. तीच रीत सुधारत, यंत्रांच्या रांगा लावून पहिला मानवी जीनोम वाचला. १९९० ते २००३ या काळात सगळ्या प्रकल्पावर अंदाजे ३ अब्ज डॉलर गेले. मग खरी उडी मारली ती इथल्याच दोन रसायनशास्त्रज्ञांनी, डेव्हिड क्लेनरमन आणि चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमणियन यांनी. १९९७च्या उन्हाळ्यात एका पबमध्ये बसून त्यांनी ही कल्पना रंगवली, असं इथे कौतुकाने सांगतात. (आई, मी तिथे फक्त जेवायला गेले होते.) काचेवर डीएनएचे कोट्यवधी तुकडे चिकटवायचे, प्रत्येकाला एकेक रंगीत अक्षर जोडायचं, फोटो काढायचा, रंग पुसायचा, पुढचं अक्षर. त्यामुळे आज एक जीनोम काहीशे डॉलरांत वाचून होतो. पण कपटे दीडशे अक्षरांचे! पालुपदांचा गुंता तसाच राहिला. तो सुटला लांब कपटे वाचणाऱ्या नव्या यंत्रांनी. त्यातल्या एका प्रकारात प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढतात आणि विजेच्या प्रवाहातल्या चढउतारांवरून अक्षर ओळखतात; लाखावर अक्षरंही एका दमात वाचली जातात. कॅरेन मिगा आणि ॲडम फिलिपी यांच्या गटाने २०२२चा सलग जीनोम अशाच यंत्रांच्या जोरावर जुळवला. त्यात वाय गुणसूत्र नव्हतं, ते २०२३मध्ये पुरं झालं. पुरुषांचा नंबर शेवटी लागला, हे आईला आवडेल.

एवढं झाल्यावरही माझं काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं. प्रमाण म्हणून जो जीनोम आम्ही वर्षानुवर्षं वापरला, त्यातला जवळजवळ ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका अनामिक माणसाचा आहे. १९९७ साली तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन रक्तदाते जमवले, त्यांतला हा एक. तुम्ही-आम्ही त्याच्यापेक्षा ४०-५० लाख ठिकाणी वेगळे निघतो. त्यांतला एखादाच फरक आजाराचा. तो हुडकायचा, हे माझं रोजचं वाचन. पुष्कळदा रिपोर्टवर “अर्थ अनिश्चित” एवढंच लिहावं लागतं, आणि ते लिहिताना समोर कुणाचं तरी लेकरू असतं.

आपल्याकडच्या माणसांचे जीनोम जमले नाहीत, तर हा अनिश्चितपणा आपल्याच वाट्याला जास्त येणार. म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पाने जवळपास १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली, याचं मला फार अप्रूप आहे. फरक किती पडतो ते बघा. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकात २५ अक्षरं गळालेली असणं भारतात शंभरांतल्या साधारण चार जणांत आढळतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २००९च्या संशोधनात हे पुढे आलं. युरोपीय लोकांत ते सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि ज्यांच्यात आहे, त्यांतले काही ठणठणीत म्हातारे होतात! मग नळीत थुंकून “पुढचे सगळे रोग” कसे कळायचे? अशा स्वस्त चाचण्या बहुतेकदा सगळा जीनोम वाचतही नाहीत, ठरावीक काही लाख जागाच तपासतात.

तेव्हा आई, मागवू नकोस. त्यापेक्षा एक काम कर. आबांचं “हार्ट मोठं झालंय” असं डॉक्टर म्हणाले होते ना, आणि थोरल्या मामांचंही तसंच काहीसं होतं. माहेरचं कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं, ते मावशीला विचारून वहीत लिही. बाबांनी त्याचा फोटो मला पाठवावा. पुढच्या महिन्यात इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, जाल तेव्हा ती वही डॉक्टरांना दाखवा. जीनोम तपासायचा की नाही, कुणाचा आणि कुठला भाग, हे त्यावरून ते सांगतील. तपासायचं ठरलंच, तर त्याआधी मला फोन करा. एकेकाने बोला.

तुमची,
चिमू