माझ्या भावाच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ते लिहिलं तर भाऊ कोण हे आमच्या चाळीत लगेच कळेल. पण आभार चारचौघांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

भाऊ गर्दच्या व्यसनापायी तुमच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी रोज ठरावीक औषध देतात तिथे, आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्यावर चिडलेलो होतो. एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून, टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावरचा अंगाचा त्रास, काढून तो घरी आला होता. सुटला एकदाचा, असं वाटलं. मग गर्दची एक पुडी, आणि तो बेशुद्ध सापडला. गर्दचा असर उतरवणाऱ्या नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने वाचला. आम्ही त्याला बेशरम म्हटलं. तुम्ही सांगितलंत की काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद उतरते, ओढ मात्र तशीच राहते. म्हणून जुन्या मापाने घेतलं की श्वास थांबतो. घरात इतकी वर्षं भांडणं झाली, पण हे आम्हाला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी तुमच्याशी भांडले, आठवतं? तो बाकावर घामाघूम बसलेला, नाक वाहतंय, जांभयांवर जांभया. आणि तुम्ही गोळी द्यायला तयार नाही. तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात. गोळीतलं ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत गर्द जिथे बसते त्याच जागेवर घट्ट बसतं आणि तिथून गर्दला हुसकावतं, पण तिचं काम अर्धंच करतं. म्हणून अंगात गर्द असताना दिलं तर गोळीनेच जोरदार टर्की येते, असं समजावलंत. पुरेसा वेळ गेल्यावर सिस्टरनी गोळीची पूड करून त्याच्या जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत तो गप्प बसून होता. तासाभराने म्हणाला, भूक लागली.

नंतर मी दर वेळी एकच विचारायची, ही गोळी बंद कधी? तुम्ही कधी वैतागला नाहीत. उलट न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांबद्दल सांगितलंत. त्यांनी आधी रुग्णांना मॉर्फीन देऊन पाहिलं, तर ते दिवसभर पुढच्या इंजेक्शनची वाट बघत बसायचे. मेथाडोन या गर्दऐवजी द्यायच्या दुसऱ्या औषधाची ठरावीक मात्रा रोज सुरू केल्यावर त्यातला एक चित्रं काढू लागला, दुसऱ्याला शिकावंसं वाटू लागलं. १९६५ साली त्यांनी अशा २२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. डोल मुळात चयापचयाचे अभ्यासक, म्हणून त्यांनी व्यसनाकडेही शरीरातला बिघाड म्हणूनच पाहिलं. मधुमेह असलेल्याला इन्सुलिन कधी सोडणार असं कोणी टोचून विचारत नाही, हे तुमचं वाक्य मी आता नातेवाइकांना ऐकवते. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं म्हणणारे घरातच आहेत. त्यांना मी भावाचा पगार आणि त्याचं वेळेवर घरी येणं दाखवते.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक आहेत, आणि त्यातल्या साधारण ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असं आहे. तुमच्या केंद्रात वेगवेगळ्या भागांतून, पहिली लोकल पकडून, कामावर जायच्या आधी डोस घ्यायला माणसं येतात. एवढ्या गर्दीत तुम्ही माझ्या भावाला नावाने हाक मारता. गर्दुल्ला हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची सोय झाली. आई डबी कपाटात कुलुपात ठेवायची आणि रोज एक डोस काढून द्यायची. तुमचा फोन यायचा. झोप लागते का, पोट साफ होतं का, चिडचिड होते का, सगळं विचारायचात. शेवटी आईला फोन द्यायला सांगून तिचीही तब्येत विचारायचात. भावाच्या व्यसनात आईला कशी आहेस असं विचारणारे तुम्ही पहिले. त्याबद्दल तिच्या वतीने वेगळे आभार.

आपली,
एका पेशंटची बहीण