तंबाखूची पाहणी फोनवर करायची, तर प्रश्नावली आधी बदला

मा. संपादक,

प्रौढांमधील तंबाखू सेवनाची देशव्यापी पाहणी फोनवरून करावी, म्हणजे आकडे लवकर हाती येतील, असे आरोग्य क्षेत्रात अनेकदा सुचवले जाते. सूचनेत तथ्य आहे. घरोघरी जाऊन होणारे ‘जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण’ आपल्याकडे २००९-१० मध्ये झाले आणि त्यानंतर थेट २०१६-१७ मध्ये. पहिली फेरी मुंबईच्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली, दुसरी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने. मधल्या काळात, २०१२ साली, महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. तिचा परिणाम लगेच मोजायला हाताशी काही नव्हते. फोनची पाहणी ही उणीव भरून काढू शकते. मात्र परदेशातली प्रश्नावली भाषांतर करून चालवली, तर हाती चुकीचे आकडे येतील.

अमेरिकेच्या अशाच राष्ट्रीय टेलिफोन पाहणीत सिगारेटपासून सुरुवात होत असे : ‘आयुष्यात निदान शंभर सिगारेटी ओढल्या आहेत का?’ महाराष्ट्रात २०१६-१७ मध्ये धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्या प्रश्नावलीत मळलेली तंबाखू, मिश्री, मावा, तंबाखू घातलेले पान, तपकीर हेच पुढे हवेत आणि प्रत्येकाचे नाव घेऊन वेगळे विचारायला हवे. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या एकाच प्रश्नाला मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणेल आणि ते तिच्या दृष्टीने खरेच असेल, कारण ती मिश्री दातांना घासते. गुटख्याचेही तसेच. पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन एकत्र करणारा माणूस स्वतःला गुटखा खाणारा समजत नाही. म्हणून ‘पानमसाल्यात तंबाखू मिसळून खाता का?’ असा स्वतंत्र प्रश्न लागतो. शिवाय बंदी उत्पादन, साठा आणि विक्रीवर आहे, सेवनाबद्दल उत्तर दिल्याने काही होणार नाही, हे एका वाक्यात आधी सांगितले नाही तर लोक लपवतील.

दुसरी अडचण, फोन कोण उचलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या. क्रमांक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे कोणतेही, फिरवले की पुरुषांची उत्तरे जास्त येतात. मग भारांक (मोजणीत प्रत्येक उत्तराला दिलेले वजन) लावून स्त्रियांचा वाटा वाढवला जातो, पण तो फोन असलेल्याच स्त्रियांचा. मिश्री लावणाऱ्या, वय झालेल्या, गावाकडच्या बायका त्यात येतच नाहीत. यावर उपाय दोन. फोन घरात सामाईक असेल तर तो वापरणारे प्रौढ किती हे विचारून त्यातून एक व्यक्ती संगणकाने निवडावी. उचलणाऱ्याचीच मुलाखत उरकू नये. आणि फोन नसलेल्यांसाठी प्रत्यक्ष भेटीचा छोटा नमुना ठेवावा. खर्च वाढेल, पण तो टाळता येणार नाही. याउलट दोन सिम असलेल्याची निवड होण्याची शक्यता दुप्पट असते, म्हणून क्रमांक किती हे विचारून त्याचा भारांक निम्मा करावा.

राहण्याचे ठिकाणही विचारावेच लागते. दूरसंचारात मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, आहे आणि २०१५ पासून देशभरात कुठेही गेले तरी क्रमांक तोच ठेवता येतो. बिहारच्या सर्कलचा क्रमांक धारावीत वाजतो आणि मुंबईचा रत्नागिरीत. क्रमांकावरून जिल्हा ठरवला की राज्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

मुलाखत चाळीतल्या एका खोलीत, लोकलमध्ये किंवा स्पीकरवर ऐकली जाते. त्यामुळे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा नुसत्या आकड्यात देता येईल अशीच प्रश्नांची रचना हवी. सासूसमोर बसलेल्या सुनेला पदार्थाचे नाव उच्चारावे लागू नये. १४० ने सुरू होणारा क्रमांक जाहिरातीचा म्हणून कापला जातो. म्हणून आधी सरकारी नावाने एसएमएस जावा आणि निरनिराळ्या वेळी, संध्याकाळी व रविवारी धरून, किमान पाच-सहा प्रयत्न व्हावेत. मूळ प्रश्न पहिल्या चार मिनिटांत संपावेत, कारण नंतर लोक फोन ठेवतात. अमेरिकेतल्या त्या पाहणीच्या २०१३-१४ च्या फेरीत लँडलाइनवर ४७.६ टक्के आणि मोबाइलवर जेमतेम १७.१ टक्के प्रतिसाद होता. आपल्याकडे बहुतेक सगळी भिस्त मोबाइलवर असणार. तेव्हा प्रतिसादाचे प्रमाण अहवालाच्या पहिल्या पानावर छापले जावे.

सर्वांत जास्त जपायची गोष्ट जुन्या आकड्यांशी असलेली तुलना आहे. अमेरिकी पाहणीच्या २०१२-१३ च्या फेरीत सिगारेटखेरीज इतर पदार्थांसाठी ‘रोज’ आणि ‘काही दिवस’ म्हणणाऱ्यांबरोबर ‘क्वचित’ म्हणणारेही सेवन करणाऱ्यांत मोजले गेले. असा पर्याय जोडला की एकाही माणसाने सवय बदललेली नसताना टक्केवारी वाढते. आपल्याकडे महाराष्ट्राचा तंबाखू सेवनाचा एकूण आकडा दोन फेऱ्यांमध्ये ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आला, तो घरी जाऊन विचारलेल्या, १५ वर्षांवरील लोकांचा. फोनवर १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेणे अवघड असल्याने वयोमर्यादा बदलली, तर जुने आकडेही १८ वर्षांवरील लोकांसाठी पुन्हा काढावे लागतील. आणि फोनच्या पहिल्या फेरीत निम्म्या लोकांना जुने प्रश्न, निम्म्यांना नवे, चिठ्ठी टाकून विचारावेत. दोन्ही गटांतला फरक म्हणजे प्रश्न बदलल्याचा परिणाम. तो वजा केल्याशिवाय तंबाखू वाढली की घटली हे कुणीही सांगू नये.

अमेरिकेत अशी प्रश्नावली बदलताना कायद्यानुसार आधी ६० दिवस आणि नंतर पुन्हा ३० दिवस जनतेच्या हरकती मागवल्या जातात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फोनवरील कोणत्याही पाहणीची प्रश्नावली मराठीसह सर्व भाषांत आधी प्रसिद्ध करून तशीच मुदत द्यावी, ही आमची मागणी आहे.

— आरोग्य सर्वेक्षण क्षेत्रातील काही अभ्यासक, परळ, मुंबई