सुट्टीतलं रनिंग आणि नंतरची वसुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा सीझन आला की पेपरांच्या पुरवण्यांमध्ये प्रवासात फिट कसं राहावं यावर लेख यायला लागतात, चांगलंच आहे ते, पण बहुतेक लेख वजन वाढू नये म्हणून लिहिलेले असतात. रेसची तयारी करणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याचा हाफ किंवा फुल मॅरेथॉनचा प्लॅन चालू असतो, मधेच आठ-दहा दिवस फॅमिलीबरोबर फिरायला जायचं ठरतं, आणि मग ट्रिपचा आनंद राहतो बाजूला, डोक्यात एकच चालू, केलेली सगळी मेहनत वाया जाणार.

जात नाही हो वाया! हे जरा ठळक छापा अशी माझी विनंती आहे.

रनिंग बंद केलं की सगळ्यात आधी काही दिवसांतच रक्तातल्या पातळ भागाचं, म्हणजे प्लाझ्माचं, प्रमाण कमी होतं, त्यामुळे हार्ट रेट वाढलेला दिसतो आणि गॅपनंतरचा पहिला रन जड जातो. लोक घाबरतात ते इथेच. पण हे जसं पटकन जातं तसं पटकन परतही येतं. 1984 साली कॉइल नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर चांगल्या तयारीच्या खेळाडूंचं ट्रेनिंग पूर्ण बंद करून मोजमाप केलं होतं, तेव्हा त्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, तीन आठवड्यांत साधारण 7 टक्के उतरला. तीन आठवडे काहीच न करता एवढं, तर एका आठवड्याच्या ट्रिपने असं काय मोठं बिघडणार आहे?

त्याहून कामाचा अभ्यास हिक्सन या संशोधकाचा आहे, 1980 च्या दशकातला. आठवड्याचे 6 दिवस, रोज 40 मिनिटं असा जोरदार व्यायाम 10 आठवडे करून घेतला आणि मग एकेक गोष्ट कमी करून पाहिली. दिवस 6 वरून 2 वर आणले तरी व्हीओटू मॅक्स पुढचे 15 आठवडे टिकला, वेळ 40 वरून 13 मिनिटांवर आणला तरी टिकला, फक्त 13 मिनिटंवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम थोडा कमी झाला. पण जोर कमी केला तेव्हा मात्र दिवस आणि मिनिटं तेवढीच ठेवूनसुद्धा क्षमता घसरली. म्हणजे सुट्टीत दिवस कापा, मिनिटं कापा, पण जोर अजिबात सोडू नका. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, रोज अर्धा-पाऊण तास रमतगमत जॉगिंग करतात आणि म्हणतात ट्रेनिंग चालू आहे.

माझ्या मते दोन-तीन छोटे रन भरपूर झाले, त्यातल्या एकात चांगलं वॉर्म अप करून मिनिट-मिनिटाचे पाच-सहा जोरदार तुकडे मारायचे, बाकी दिवस मोकळे. लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांबचा रन, ट्रिपला निघायच्या आधीच उरकून घ्या. ट्रिपमध्ये सकाळी बाकीचे उठायच्या आत पळून आलात की कुणाला तुमची वाट बघत बसावं लागत नाही, आणि हे मला खूप महत्त्वाचं वाटतं, कारण घरच्यांना ताटकळत ठेवून केलेल्या रनिंगबद्दल घरात राग साठत जातो. अनोळखी रस्ता असेल तर कुठे जातोय ते सांगून जा.

आणि घड्याळात दिसणाऱ्या नेहमीच्या पेसचा, म्हणजे किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा, हट्ट नको. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडल्याचा फरक जाणवतोच, गरम हवेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणजे तोवर ट्रिप संपलेली असते. मऊ वाळूवर त्याच वेगाला दीडपटीहून जास्त ताकद लागते, शिवाय किनारा उतरता असल्याने एका पायावर जास्त भार येतो, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखावते. घड्याळ न बघता श्वासावर पळा. दिवसभर पायी भटकणं हासुद्धा पायांवरचा लोडच असतो, तो आपण धरतच नाही.

पण पत्र लिहायचं खरं कारण पुढचं आहे. माणसं दुखापत करून घेतात ती बऱ्याचदा परत आल्यावर, बुडालेले किलोमीटर वसूल करायला जातात ना तेव्हा. दोन लाँग रन एकाच आठवड्यात, वर इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून मारलेले वेगवान तुकडे, आणि मग नडगी धरून डॉक्टरकडे. दम पटकन परत येतो पण हाडं आणि स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. जे बुडालं ते बुडालं, प्लॅनमधला चालू आठवडा उघडा, पहिले दोन-तीन रन हलके ठेवा आणि पुढे चला. गॅप दोन आठवड्यांहून मोठा असेल तर आठवड्याचं अंतर कमी करून हळूहळू वाढवा. एवढ्या मनापासून पळणारी माणसं केवळ घाईपायी महिनोन्महिने घरी बसलेली पाहिली की फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती अशी की रेसचे प्लॅन छापता तेव्हा त्यातच एक सुट्टीचा आठवडा आणि परतल्यावरचा एक आठवडा असे दोन रकाने वेगळे द्या, कोच आणि फिजिओकडून तपासून घेऊन. रेसच्या आदल्या महिन्यात ट्रिप आली तर काय करायचं तेही त्यात येऊ द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तेव्हाच होतो.

आपला,
एक धावणारा वाचक