प्रेरणा पुरे, आता पन्हा विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत स्थानिक डिझायनरांच्या मुलाखती येतात. खणाचे कुर्ते, चांदीच्या नथी, हातानं ओवलेल्या ठुश्या. फोटो सुरेख असतात. मजकूर मात्र बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: प्रेरणा कुठून मिळाली? उत्तरही ठरलेलं, आजीच्या ट्रंकेतून. खण आणि चांदी यांत काम करणाऱ्या आम्हा काही जणींचं म्हणणं एवढंच, की डिझायनर काय विचार करते हे ट्रंकेत सापडत नाही. ते कात्री कुठे चालवली, झाळ (दागिन्याचे भाग जोडायचा वितळता धातू) कधी दिली आणि बिलावर काय लिहिलं, यात सापडतं. वार्ताहरांनी तेच विचारावं, म्हणून हे पत्र.

खणाचंच घ्या. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं गाव. कर्नाटकातलं असलं तरी त्याचं गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात आहे. हातमागाच्या अस्सल खणात ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा असतो. बुट्टी (छोटी विणलेली नक्षी) जादा ताण्यातून उठते, म्हणून नक्षी उभ्या पट्ट्यांनी चालते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, जेमतेम ३१ इंच, कारण चोळीपुरतं कापड हाच मूळ हिशेब. दुकानात ४४ इंच पन्ह्याचा, मीटरवर आणि स्वस्तात मिळणारा खण बहुधा यंत्रमागावरचा असतो, त्यातला धागाही कृत्रिम. तो वाईट असं आम्ही म्हणत नाही. धुवायला सोपा, रोजच्या वापराला दणकट. पण त्यावर ‘हातमाग’ अशी चिठ्ठी लावणं ही उघड फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्यांत मोठी दुकानंच असतात असंही नाही.

आता ३८ छातीच्या बाईचा सरळ कुर्ता ३१ इंचातून काढायचा आहे. मागचा-पुढचा एकेक भाग २१ इंच, वर मार्जिन धरून २३. उरली ८ इंचांची उभी पट्टी. बरेच जण ती बाजूला टाकतात आणि बाह्यांसाठी वेगळं कापड लावतात. ४५ इंचांच्या दोन लांब्या आणि बाह्यांचे २२ इंच मिळून ११२ इंच, म्हणजे जवळजवळ तीन मीटर कापड जातं. जिला पन्हा कळलाय ती त्या दोन पट्ट्यांचेच १५-१५ इंचांचे तुकडे करते आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडते. मार्जिन जाऊन १४ इंच रुंदीची बाही तयार होते, दंडावर मधोमध काठांची जोडरेघ येते आणि कुर्ता ९० इंचांत बसतो. वर दोन तुकडे खिशाला उरतात. पाहणाऱ्याला ती रेघ सजावट वाटते. खरं तर ती वाचवलेल्या अर्ध्या मीटरची खूण असते. याच पन्ह्यात अंब्रेला घेर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता येणं हाही डिझाइनचाच भाग. दोन भाग मिळून घेर ५८ इंचांच्या पुढे जात नाही. पुढे जायचं तर कळ्या घालाव्या लागतात, आणि तिथे उभ्या पट्ट्यांची नक्षी तिरकी होऊन विस्कटते.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. बाणा सुती असल्यामुळे तो पाण्यात आखडतो, रेशमाचा ताणा त्या मानानं आखडत नाही. परिणामी कपडा लांबीला तसाच राहतो आणि रुंदीला आवळतो. पहिल्या धुण्यानंतर ‘छातीत घट्ट झाला’ ही तक्रार येते ती यामुळे. शिंप्याचं माप बरोबरच असतं. म्हणून कापण्याआधी खण अर्धा तास साध्या गार पाण्यात बुडवून, न पिळता, सावलीत वाळवायचा. ओला असतानाच पांढऱ्या फडक्यानं दाबून रंग लागतो का ते पाहायचं. लाल आणि गडद हिरव्यात हे चुकवू नये. अस्तराचं सुती कापडही आधी भिजवून घ्यायचं, नाहीतर बाहेरचं कापड शहाणं झालेलं असतं आणि आतलं आखडून चुण्या पाडतं.

दुसरं दुखणं शिवणीचं. रेशीम गुळगुळीत, त्यामुळे बाजूच्या शिवणीलगतचे उभे धागे बाण्यावरून सरकतात आणि पाठीत, मुंढ्यापाशी जाळी दिसू लागते. अर्ध्या इंचाऐवजी एक इंच मार्जिन, ११ नंबरची सुई, दोन मिलिमीटरचा बारीक टाका आणि त्याच शिवणीत धरलेलं अस्तर एवढ्यानं हे थांबतं. अंगाला चिकटणारं फिटिंग या कापडात करूच नये. उलट्या बाजूला बुट्टीचे धागे सुटे असतात, ते बांगडीत अडकतात. अस्तर नसलेला खणाचा कुर्ता दिसायला हलका, पण वर्षभरात ओढले गेलेले धागे मिरवतो.

आता नथीकडे येतो, कारण तिथे जास्त गोंधळ आहे. नाक न टोचता घालायच्या चापाच्या नथीची मागणी प्रचंड आहे आणि ‘सैल होते, पडते’ ही तक्रारही तेवढीच. विकणारे दोष नाकाला देतात. दोष असतो कामाच्या क्रमात. तार जंत्रीच्या (लहान-लहान भोकांच्या पोलादी पट्टीच्या) भोकांतून ओढत बारीक केली की ती कडक होते, तिच्यात स्प्रिंग येते. तीच तार लालसर होईपर्यंत तापवली की नरम पडते. चांदीची झाळ वितळायला साधारण ७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणजे चाप आधी वळवून शेवटी कडीला झाळ दिली, तर सगळी तार नरम होणारच. नथ दुकानात घट्ट बसते, चार वेळा उघडमिट झाली की वाकते. क्रम उलटा हवा: ०.८ मिलिमीटरची तार घ्या, कडी आणि पट्टीची सगळी झाळ आधी उरका, मग तारेची दोन्ही टोकं धरून पीळ द्या किंवा ऐरणीवर हलक्या हातानं ठोका. कडकपणा परत येतो. त्यानंतर चाप वळवायचा, आणि मोती अगदी शेवटी बारीक तारेनं बांधायचे, कारण मोत्याला आच सोसत नाही. चांगल्या नथीत मोत्यांच्या मागे झाळ दिसत नाही, तारेचे वेढे दिसतात. नथ उलटी करून एवढं पाहिलं तरी करणारीचा हात कळतो.

झाळ दिल्यावर चांदी काळवंडते. ती सौम्य आम्लात किंवा तुरटीच्या उकळत्या पाण्यात उजळतात. त्यात लोखंडी चिमटा घातला की पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी होतो. नवशिक्याला वाटतं चांदीच खोटी. चिमटा तांब्याचा किंवा लाकडाचा वापरावा, एवढाच उपाय. गुलाबीपणा घासून जातो, ९२.५ टंचाच्या (शंभरात ९२.५ भाग शुद्ध) चांदीत तांब्यामुळे पॉलिशखाली येणारा करडा-जांभळा डाग मात्र खोलवर असतो. तो येऊ नये म्हणून तापवण्याआधी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) लेप द्यावा लागतो. घाईच्या कामात हा लेप हमखास गाळला जातो, आणि मग तो डाग झाकायला सगळा दागिना काळा करून ‘ऑक्सिडाइज्ड कलेक्शन’ जन्माला येतं.

या काळ्या दागिन्यांबद्दल वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी औषधालाही नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. निकेलनं अनेकांच्या कानाला, मानेला खाज सुटते. खडा, लाख किंवा पोकळ भाग नसलेला दागिना घरीही तपासता येतो. आधी कोरडं वजन करा, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करा, आणि जेवढी घट येईल तिनं कोरड्या वजनाला भागा. २०.७ ग्रॅमचा नग पाण्यात १८.७ भरला तर घट २, भागाकार १०.३५: ही ९२.५ टंचाची चांदी. उत्तर साडेआठच्या आसपास आलं तर समजून जा. काटा दोन दशांशांपर्यंत दाखवणारा हवा, आणि नगावर बुडबुडा चिकटलेला नको.

सोन्याच्या मुलाम्याचंही तसंच. ‘१ ग्रॅम सोनं’ हे नाव बाजारानं इतकं पक्कं केलंय की गिऱ्हाइकाला वाटतं, दागिन्यावर खरोखर ग्रॅमभर सोनं आहे. अमेरिकेत चांदीवरच्या जाड मुलाम्याला ‘व्हर्मेल’ म्हणायचं तर तो किमान २.५ मायक्रॉन असावा लागतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाला तेवढं सोनं चढवायला जवळजवळ ०.१ ग्रॅम लागतं. आपल्याकडचा झटपट मुलामा ०.१ मायक्रॉनचा असेल तर सोनं भरतं ०.००४ ग्रॅम. तो चार-सहा महिन्यांत उडाला तर नवल नाही. मुलाम्याची जाडी बिलावर लिहिणारी डिझायनर विरळाच, पण आम्हाला तिचा एक आकडा दहा ओळींच्या ‘ब्रँड स्टोरी’पेक्षा जास्त सांगतो.

चांदीच्या हॉलमार्कमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून सोन्यासारखाच सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, आला. सक्ती मात्र तेव्हा केली नाही. छोटे डिझायनर त्यापासून लांब राहतात, त्याला लबाडी हे एकच कारण नसतं. झाळेत तांबं आणि जस्त असतं. शेकडो बारीक जोडांच्या नक्षीत किंवा घुंगरांच्या पैंजणात झाळ इतकी जाते की ९२.५ च्या तारेतून केलेला नगही तपासणीत खाली उतरू शकतो. तोडगा आहे: तार जास्त टंचाची घ्यायची आणि झाळ किसून नव्हे, तर मोजून, बारीक कापून ठेवायची. खर्च वाढतो, वेळही.

भावाचं सांगायचं तर २०२५ या एकाच वर्षात चांदी किलोला लाखाच्या आतून दोन लाखांच्या पार गेली. दिवाळीचा नग उन्हाळ्यात ठरवलेल्या किमतीला देणाऱ्याचं काय झालं असेल, ते सांगायला नको. धातू त्या दिवशीच्या भावानं, घट (कामात वाया जाणारा धातू) आणि घडणावळ वेगळी, असं तीन ओळींचं बिल हाच यातला सरळ मार्ग. सराफ पेढ्या तो वापरतातच. स्वतंत्र डिझायनर मात्र ‘कलेची किंमत’ म्हणून एकच गोल आकडा सांगतात, आणि मग त्या आकड्यातून सगळ्यात आधी कापली जाते ती हुपरीच्या किंवा पेठेतल्या कारागिराची मजुरी. आपण मुलाखतीत घडणावळ किती आणि ती कोणाला मिळते, हे विचारलंत तर काही जणांची पंचाईत होईल. होऊ द्या.

शेवटी एक विनंती खास आपल्यासाठी, कारण तिचा संबंध छपाईशी आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या कोल्हापुरीसारख्या चपला आल्या तेव्हा कोल्हापुरीच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनाची खूप चर्चा झाली. ते मानांकन एका प्रदेशाच्या परंपरेला असतं. एकट्या डिझायनरनं काढलेल्या नव्या घाटाला, म्हणजे आकाराला, त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे: नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वाढवून मिळतात, व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला अर्जाचं शुल्क १००० रुपये. दागिने वर्ग ११ मध्ये, कपडे वर्ग २ मध्ये. ‘माझा कॉपीराइट आहेच की’ असं म्हणून गप्प बसणं महागात पडतं, कारण नोंदणी होऊ शकत असूनही न केलेल्या डिझाइनचे नग औद्योगिक पद्धतीनं पन्नासहून जास्त निघाले की तो कॉपीराइट संपतो. पारंपरिक ठुशी किंवा बानू नथ जशीच्या तशी नोंदवता येत नाही, नुसता धातू बदलूनही नाही. घाटात नवेपण लागतं. आणि ते नवेपण अर्जाच्या तारखेला शाबूत असावं लागतं. त्याआधी डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालं, स्वतःच्या इन्स्टाग्रामवर किंवा वर्तमानपत्रात, तरी नोंदणी नाकारली जाऊ शकते, मिळालेली रद्द होऊ शकते. तेव्हा नव्या कलेक्शनचा फोटो छापण्याआधी आपल्या वार्ताहरानं फोनवर एवढंच विचारावं: अर्ज दाखल झालाय का? नसेल, तर फोटो पुढच्या रविवारी छापावा.

आपल्या नम्र,
खण आणि चांदी यांत काम करणाऱ्या काही जणी, पुणे