चक्कर हा शब्द न वापरता सांगा

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

केसपेपरवर तुमची नुसती सही होती आणि ती मला लागली नाही. चार महिन्यांनी परत आलो, तर खिडकीवरचे म्हणाले, "शिकाऊ डॉक्टर होत्या, त्यांची पोस्टिंग बदलली." म्हणून हे उघडं पत्र.

मी एसटीचा निवृत्त वाहक. बहुतेक नोकरी कुंभार्ली घाटात गेली. वळणावर दांडा न धरता तिकिटं दिली, सुट्टे मोजले. गाडी लागलेली माणसं किती पाहिली त्याला गणती नाही. पिशव्या वाटल्या, आलेपाक वाटला, पण मला स्वतःला कधी गाडी लागली नाही. निवृत्त झालो आणि घर लागलं.

पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि खाट फिरली. आम्ही पाटणकडची माणसं, कोयनेच्या धक्क्यांवर वाढलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आईनं गोधडीसकट उचलून अंगणात नेलं होतं. तसंच वाटलं. बायकोला ओरडलो, "बाहेर पळ!" ती दिवा लावून माझ्याकडे बघत उभी. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं नव्हतं.

पुढचे सहा महिने फार सांगत नाही. पित्त म्हणून मोरावळा खाल्ला. मग एका दवाखान्यात एक्सरे काढून मणक्याची झीज सांगितली, गळ्यात पट्टा आला. एमआरआय झाला, तो स्वच्छ आला, त्याचे पैसे मात्र गेले. चक्करच्या गोळ्या सुरू होत्या त्या सुरूच राहिल्या. शेवटी मी आरामखुर्चीत बसून झोपायला लागलो. माळ्यावरचा डबा काढायचा, चप्पल घालायला वाकायचं, म्हटलं की छातीत धस्स व्हायचं.

भाच्यानं ओढून तुमच्या कान-नाक-घसा विभागात आणलं. तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "चक्कर हा शब्द न वापरता सांगा, नेमकं काय होतं?"

मी अडकलोच. आपण सगळं त्या एका शब्दात कोंबतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली ती चक्कर, चालताना झोक गेला ती चक्कर, उपाशीपोटी घेरी आली तीही चक्कर. मी म्हटलं, खोली गरगर फिरते. किती वेळ? दिवसभर, म्हटलं. "दिवसभर मळमळत असेल. फिरते किती वेळ?" मग कबूल केलं, विनंती थांब्यावर गाडी थांबते तेवढाच वेळ, मिनिटही नाही. कधी होतं? वळलं की, वर पाहिलं की, वाकलं की. ऐकू कमी येतं का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, बोबडी वळते का, हातापायातली ताकद जाते का, हेही विचारलंत. झोपवून आणि उभं करून बीपी घेतलंत, चालायला लावलंत.

मग टेबलावर बसवून मान उजवीकडे अर्धी वळवलीत आणि झटकन आडवं केलंत, डोकं कडेखाली थोडं लोंबतं. "डोळे मिटायचे नाहीत." दोन-चार सेकंद काही नाही, मग छत सुटलं. मी तुमचा हात किती घट्ट धरला होता त्याची माफी मागतो. तुम्ही बायकोला जवळ बोलावलंत: "काकू, यांच्या बुबुळांकडे बघा." तिनं पाहिलं, बुबुळं गोल फिरत वर झटके देत होती. सहा महिने जे मी एकटा सांगत होतो ते पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला दिसलं. घरी येताना ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही घाबरताय नुसते."

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या जागेत चुन्याचे बारीक कण असतात, ते निसटून पाण्यानं भरलेल्या नळीत शिरले की डोकं हललं तरी आणि थांबलं तरी नळी मेंदूला 'फिरतोय' असंच कळवते, असं तुम्ही समजावलंत. मला आमची चामड्याची बॅग आठवली. फाटक्या कप्प्यातून नाणं अस्तरात गेलं की बॅग नुसती आपटून चालत नाही, कोन साधून फिरवावी लागते. तुम्ही माझ्या डोक्याचं तेच केलंत. उजवीकडे लोंबतं ठेवलंत, मग डावीकडे, मग कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलंत. दर वेळी गरगरणं थांबेपर्यंत वाट पाहिलीत. दोनदा केलंत. जेमतेम दहा मिनिटं, आणि सुई नाही, गोळी नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एपली नावाच्या डॉक्टरांची ही रीत, १९९२ साली ती छापून आली, त्याआधी त्यांना हसणारेच जास्त होते, हेही तुमच्याकडूनच कळलं.

दोन दिवस होडीतून उतरल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं. गोळ्या तुम्ही बंद केल्यात. त्या गरगरणं दाबतात, कण जागेवर नेत नाहीत, आणि या वयात महिनोन्‌महिने घेतल्या तर हातपाय थरथरू शकतात, म्हणालात. पट्टा माळ्यावर टाकला. तो टाकायला स्टुलावर मीच चढलो.

एक कबुली द्यायची राहिली. तुम्ही "पुन्हा होऊ शकतं" म्हणाला होतात, तसं चार महिन्यांनी झालं. या वेळी भूकंप वाटला नाही. तुमच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी मान वळवून बरं केलं. पण त्याआधी मी कट्ट्यावर शेजाऱ्यांच्या माना वळवायला निघालो होतो. ते डॉक्टर चांगलेच रागावले. कुठल्या कानाची कुठली नळी ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याची जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, ज्याला उभंच राहता येत नाही, त्याला कट्ट्यावर नव्हे, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मी कान पकडले. उजवा जपून पकडला.

कधी चिपळूणकडे घाटातून निघालात तर पाटणला उतरा. काकू तांदळाच्या भाकरी करतील. आणि तुम्हाला गाडी लागत असेल तर आलेपाक आहे घरात.

आपला,
एक निवृत्त वाहक
(आता उजव्या कुशीवर झोपणारा)