मागचे छोटे फाटक उघडण्याबाबत, पुन्हा एकदा

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग (समुद्राची बाजू), दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८

विषय : चौपाटीकडील फाटकाचे कुलूप व त्यापुढे उभी असणारी गाडी
संदर्भ : माझी यापूर्वीची पत्रे (पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही)

महोदय,

स.न.वि.वि.

इमारतीच्या मागच्या बाजूला रंगकामाची परांची बांधली, तेव्हा सामान चोरीला जाऊ नये म्हणून चौपाटीकडच्या छोट्या फाटकाला कुलूप घातले गेले. ‘काम संपेपर्यंत’ असे नोटीस बोर्डावर लिहिले होते. परांची उतरली, रंगाचे शेवटचे बिल चुकते झाले, त्या रंगाला खाऱ्या हवेने पोपडेही धरले. कुलूप मात्र तिथेच आहे. दरम्यान ब विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी आपली दुसरी गाडी त्या फाटकाला टेकून उभी करायला सुरुवात केली. आता फाटक गाडीमुळे बंद आहे की गाडी फाटक बंद असल्यामुळे तिथे आहे, हे विचारले की कमिटी एक उत्तर देते आणि ते सभासद दुसरे. मी त्यांचे नाव लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

आपण स्वतः या इमारतीत माझ्यानंतर राहायला आलात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. इथली जुनी कुटुंबे या जागेत का राहिली? लिफ्ट जुनी, पाण्याचा दाब कमी, खिडक्यांचे गज दर काही वर्षांनी गंजून बदलावे लागतात. तरी कुणी ठाण्याला किंवा बोरिवलीला मोठ्या जागेत गेले नाही, कारण इथे माणूस पायी जगू शकतो. रस्ता ओलांडला की शिवाजी पार्क. १९२५ साली महापालिकेने लोकांसाठी खुले केलेले हे मैदान, त्याभोवतीचा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा कट्टा, भाजीला रानडे रोड, नाटकाला शिवाजी मंदिर, लोकलला दादर स्टेशन. आता तर मेट्रोही आली. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. आणि मागच्या दाराने निघाले की गल्ली संपते तिथे वाळू. यातल्या कशालाही गाडी लागत नाही. मग एका घराला दोन गाड्या, आणि त्यातली दुसरी नेमकी समुद्राच्या वाटेवर, हे कमिटीला खटकत नाही याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

फाटक बंद असल्याने काय होते ते एकदा चालून पाहावे. मुख्य गेटमधून सावरकर मार्गावर यायचे. फूटपाथवर आधी केबलवाल्यांनी खणून अर्धवट बुजवलेला खड्डा, मग दुकानासमोर लावलेल्या स्कूटर्स, मग बस स्टॉपची गर्दी. स्टॉपच्या पुढे फूटपाथ इतका निमुळता होतो की काठी घेऊन चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावेच लागते. त्यानंतर पुढच्या गल्लीतून वळसा घालून पुन्हा आपल्याच इमारतीच्या पाठीमागे. तरुण माणसाला यात काही वाटणार नाही. पण तळमजल्यावरच्या आजी पूर्वी संध्याकाळी एकट्या वाळूपर्यंत जात, सूर्य बुडाला की परत येत. आता त्या जिन्याच्या पायरीवर बसून असतात. ‘खाली उतरणं होत नाही का?’ असे मी विचारले तर म्हणाल्या, ‘उतरते की, पण जाऊ कुठे?’ हे मी पत्रात लिहिण्याची वेळ यावी याचेच वाईट वाटते.

गणपतीत जे झाले ते तर आपल्या डोळ्यांदेखत झाले. सोसायटीचा पाच दिवसांचा गणपती वर्षानुवर्षे मागच्या फाटकातूनच चौपाटीवर जातो. मूर्ती शाडूची, जड, पाटावर ठेवून चौघांनी उचलायची. या वर्षी आरती झाली, ‘मोरया’ झाले, मुले झांजा घेऊन फाटकापाशी गेली, तर पुढे गाडी. सभासद गावाला गेलेले, गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर फोन उचलेना. गाडी असती-नसती तरी कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात सापडली नाहीच. शेवटी मूर्ती उलटी फिरवून मुख्य गेटने काढली आणि विसर्जनाच्या गर्दीतून, ट्रक आणि बसच्या मधून, पाट सांभाळत न्यावी लागली. पाट धरणाऱ्यांत मी होतो. आपण सोवळे नेसून पुढे चालत होतात. त्या दिवशी ‘पुढच्या वर्षी बघू’ असे आपण म्हणालात. फाटक वर्षातून एकदा उघडण्याची गोष्ट नाही, रोजची आहे, हे मी तेव्हाही म्हटले होते.

कमिटीचे म्हणणे सुरक्षिततेचे. मागून कुणीही आत शिरेल, शिवाय रात्रपाळीचा एक वॉचमन आपण खर्चासाठी कमी केला आहे. यावर मला एवढेच विचारायचे आहे, की इतकी वर्षे दिवसा कडी आणि रात्री दहानंतर कुलूप असे चालत होते, तेव्हा मागून येऊन कुणी काय नेले? जी एक सायकल गेली ती पुढच्या गेटने गेली, वॉचमन खुर्चीत असताना. आणि बाहेरच्या लोकांचीच भीती असेल तर ६ डिसेंबरचे दिवस आठवा. चैत्यभूमीला लाखो माणसे येतात, आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत रांगा असतात, लोक रात्रभर शांतपणे उभे राहतात. आपण त्याच फाटकात पिण्याच्या पाण्याची पिंपे ठेवत होतो, बायका भांडी विसळून पुन्हा भरून देत होत्या. कधी कुणी आत पाऊल टाकले नाही, उलट रिकामे पेले परत आणून दिले. फाटक बंद झाल्यापासून पाण्याची पिंपेही बंद झाली. ही गोष्ट कमिटीच्या कुठल्याही इतिवृत्तात नाही.

आता नियमांबद्दल. बायलॉज, म्हणजे संस्थेचे उपविधी, सर्वांनाच लागू असतात असे गृहीत धरून लिहितो. आदर्श उपविधींप्रमाणे एका सभासदाला साधारणपणे पार्किंगची एकच जागा मिळते. जागा शिल्लक असेल आणि दुसरा कुणी मागणारा नसेल तरच दुसरी, तीही वर्षापुरती. फाटकासमोरची जागा पार्किंग म्हणून कधीच आखलेली नव्हती. ती कुठल्या ठरावाने, कुठल्या दराने आणि किती काळासाठी दिली, हे मी लेखी विचारले होते. तक्रार आली की पुढच्याच कमिटी सभेत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचे, हेही त्याच पुस्तकात आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत, ऐन वेळच्या विषयांत, मी हा प्रश्न मांडला तेव्हा इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे दोन शब्द आले. कोणती चर्चा? आपण घड्याळ पाहिले आणि चहा आला.

याहून गंभीर बाब आगीची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. आगीपासून बचावाची यंत्रणा सुस्थितीत आहे, असे त्यात लिहून द्यायचे असते. मागचे कुलूप मी काल जवळून पाहिले. त्यावर गंजाचा पापुद्रा आहे, चावीच्या भोकात वाळू आणि मीठ घट्ट बसले आहे, खालच्या लादीवर तपकिरी ओघळ उतरले आहेत. ते आता किल्लीने उघडणारच नाही, फोडावे लागेल. रात्री पुढच्या मीटर-रूममध्ये काही झाले तर ब विंगच्या लोकांनी, म्हणजे गाडीवाल्या सभासदांच्या घरच्यांनीही, कुठून बाहेर पडायचे? हा प्रश्न मी त्यांच्याविरुद्ध नव्हे, त्यांच्यासाठीही विचारतो आहे.

या सभासदांशी माझे वैर नाही. दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळ पाठवतो. पण सगळा इतिहास पाहता गाडी ही काही पहिलीच बाब नाही. जिन्याच्या वळणावरचे चपलांचे कपाट, ज्यामुळे स्ट्रेचर फिरत नाही. त्यांच्या एसीचे पाणी, जे दुसऱ्या मजल्यावरच्या वाळवणावर पडते. टँकर मागवायच्या दिवसांतही सोसायटीच्या नळाला पाइप लावून धुतल्या गेलेल्या गाड्या. भाडेकरू ठेवला तेव्हा बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिले की सोसायटीला द्यायचे ते) भरायला झालेली टाळाटाळ, वास्तविक २००१ पासून ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेताच येत नाही, म्हणजे रक्कम ती किती! प्रत्येक वेळी ‘सामोपचाराने घ्या’ असा सल्ला मलाच मिळाला. माझी सायकल जिन्याखाली असते हे त्यांनी तक्रारीत लिहिले आहे. असते, पण भिंतीला लावलेली, आणि तिने कुणाची वाट अडत नाही.

फाटक उघडावे असे मत माझ्या एकट्याचे नाही. अ विंगमधली बहुतेक घरे माझ्याशी सहमत आहेत. ब विंगमधल्या अनेकांनी जिन्यात भेटून ‘तुम्ही बरोबर बोलता’ असे सांगितले आहे. शेजारसंबंध बिघडतील म्हणून ते सही करायला कचरतात, पण त्यांचे मौन विरोध समजू नये. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने दाखवलेल्या पहिल्याच चित्रात काय होते? ‘बीचवर चालत जा.’ नव्या गिऱ्हाईकांना जे विकायचे आहे ते जुन्या सभासदांसाठी कुलपात का?

माझ्या मागण्या अशा : जुने कुलूप फोडून काढावे. सकाळी पाच ते रात्री दहा फाटक कडीवर उघडे ठेवावे, रात्रीच्या कुलपाची एक किल्ली वॉचमनकडे आणि एक प्रत्येक घरात असावी. फाटकासमोर पिवळ्या रंगाचे पट्टे मारून ‘येथे वाहन उभे करू नये’ असा फलक लावावा, आणि संबंधित सभासदांना तो फलक लागण्याआधी लेखी पत्र द्यावे, म्हणजे ‘मला कुणी सांगितले नाही’ हे ऐकावे लागणार नाही. त्यांच्या दुसऱ्या गाडीची सोय त्यांनी करावी. कुलूप तोडण्याचा खर्च मी देईन, रंगाचा डबाही आणून देईन.

हे सारे २६ जानेवारीच्या झेंडावंदनापूर्वी व्हावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास या पत्राची प्रत कुलपाच्या फोटोसह उपनिबंधक, सहकारी संस्था आणि अग्निशमन दल यांच्याकडे जाईल. ती धमकी समजू नये, पूर्वसूचना समजावी.

कळावे,

आपला,
सभासद, अ विंग, दुसरा मजला

प्रत : सेक्रेटरी, खजिनदार, सर्व कमिटी सदस्य व नोटीस बोर्ड (कृपया काढू नये)